हॅरॉल्ड मॅन

डॉ. हॅरॉल्ड हार्ट मॅन (जन्म : यॉर्क, इंग्लंड, इ.स. १८७२, मृत्यू : इ.स. १९६१) हे इंग्रज कृषिरसायनशास्त्रज्ञ आणि ग्रामीण अर्थजीवनाचे अभ्यासक होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे कृषी संचालक म्हणून त्यांनी इ.स. १९०७ ते १९२७ या काळात महाराष्ट्रात काम केले. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीमुळे ते अर्थशास्त्राच्या व समाजशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहेत. मृदाशास्त्रात त्यांचे नाव मुख्यतः दोन अभ्यासांशी जोडले जाते. पहिला अभ्यास कोकणातील भातशेतीत रोपांच्या जागेवर राब भाजण्याच्या पद्धतीचा, म्हणजे मातीला दिलेल्या उष्णतेचा आहे. दुसरा नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा, म्हणजे मातीतून वर चढणाऱ्या पाण्याचा आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांचा डोंगराळ भाग राबाच्या पारंपरिक प्रदेशात मोडतो.

सुरुवातीचे जीवन

मॅन यांचा जन्म उत्तर इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यानंतर इ.स. १८९५ ते १८९८ या काळात त्यांनी इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या प्रयोगशाळेत जॉन ऑगस्टस व्होल्कर यांचे सहायक म्हणून काम केले. व्होल्कर हे इ.स. १८८९ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या निमंत्रणावरून भारतात आले होते आणि देशभर हिंडून त्यांनी भारतीय शेतीच्या सुधारणेवरील अहवाल तयार केला होता. हा अहवाल इ.स. १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय शेतकरी अडाणी असल्यामुळे शेती मागासलेली आहे, हे त्या काळी रूढ असलेले मत व्होल्कर यांनी मान्य केले नव्हते. जुन्या पद्धतींमागची कारणे आधी समजून घ्यावीत, अशी त्यांची भूमिका होती. या अहवालात कोकणच्या राबाचीही चर्चा आहे. पुढे मॅन यांच्या कामातही हीच दृष्टी दिसते.

चहाच्या मळ्यांतील काम

इ.स. १९०० मध्ये मॅन इंडियन टी असोसिएशनचे शास्त्रीय अधिकारी म्हणून भारतात आले. आसाम व बंगालमधील चहाच्या मळ्यांची माती, खते, रोग आणि किडी हा त्यांच्या कामाचा विषय होता. जॉर्ज वॉट यांच्यासह त्यांनी चहाच्या झाडावरील किडी व रोग यांविषयीचा ग्रंथ इ.स. १९०३ मध्ये सिद्ध केला. आसाममधील हिलिका येथे इ.स. १९०४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने एक लहान प्रयोगशाळा सुरू झाली. टोकलाई येथील चहा संशोधन केंद्राची ही पूर्वपीठिका मानली जाते. एकाच प्रदेशात दोन मळ्यांच्या उत्पन्नात पडणारा फरक मातीच्या घडणीत व निचऱ्यात शोधण्याची सवय त्यांना या काळात लागली.

पुण्यातील कार्य

इ.स. १९०७ मध्ये मॅन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शेतीचा वर्ग इ.स. १८७९ पासून चालत होता. त्याचे स्वतंत्र महाविद्यालयात रूपांतर होण्याचा हा काळ होता. मॅन यांनी अध्यापनाबरोबर संशोधनावर भर दिला. एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे, एन. व्ही. जोशी आदी भारतीय सहकाऱ्यांची नावे त्यांच्या प्रकाशनांवर सहलेखक म्हणून आढळतात. सरकारी खात्यातील गोरा अधिकारी आणि त्याचे हाताखालचे देशी कर्मचारी यांच्यातील त्या काळचे अंतर लक्षात घेता ही बाब उल्लेखनीय आहे.

पुण्यातील त्यांच्या अभ्यासाचे विषय विविध होते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी, बटाट्याची लागवड, खारवट जमिनी, पाऊस आणि दुष्काळ यांवर त्यांनी लेखन केले. इ.स. १९१७ मध्ये त्यांना कैसर-ई-हिंद सुवर्णपदक मिळाले. पुढे ते मुंबई इलाख्याचे कृषी संचालक झाले आणि इ.स. १९२७ मध्ये त्या सेवेतून निवृत्त झाले.

राबाचा अभ्यास

राबाची पद्धत

कोकण व घाटमाथ्यावरील भातशेतीत रोपे तयार करण्याच्या जागेवर पालापाचोळा जाळण्याच्या पद्धतीला राब म्हणतात. डहाणू, जव्हार, मोखाडा आणि आज तलासरी तालुक्यात असलेली गावे येथे वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी आदी जमातींचे शेतकरी ही पद्धत पिढ्यानपिढ्या पाळत आले आहेत. याच पद्धतीने भाजलेल्या जागेवर भाताबरोबर नाचणी व वरईचीही रोपे तयार करतात.

पावसाळा संपल्यावर झाडांच्या फांद्या छाटून त्या वाळत ठेवतात. याला कवळ तोडणे म्हणतात. ऐनाचा कवळ त्यासाठी उत्तम मानला जातो. फाल्गुन ते वैशाख या काळात रोपांच्या जागेवर आधी शेण किंवा गोवऱ्यांचा चुरा, त्यावर वाळलेला कवळ, त्यावर पातेरा व गवत असे थर रचतात. सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर पसरतात. वाऱ्याच्या उलट दिशेकडून आग लावली जाते, त्यामुळे ती भडकत नाही आणि धुमसत हळूहळू पुढे सरकते. राब नीट भाजला गेल्यावर पावसाच्या तोंडावर राखेतच बी पेरतात. रोपे, म्हणजे आवण, वाढल्यावर ती उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावणी करतात.

वादाची पार्श्वभूमी

इ.स. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील बरेच जंगल राखीव झाले आणि कवळ तोडण्यावर निर्बंध आले. वनखात्याच्या दृष्टीने राब ही जंगलाची नासाडी होती. एका लहान खाचराच्या रोपांसाठी अनेक झाडांच्या फांद्या छाटल्या जातात आणि झाडे खुरटी राहतात, असा त्या खात्याचा आक्षेप होता. शेतकऱ्यांच्या दृष्टीने राबाशिवाय भात होत नव्हता. या व अशा तक्रारींमुळे मुंबई सरकारने इ.स. १८८५ मध्ये वन आयोग नेमला. त्याच दशकात इलाख्याच्या कृषी खात्याने राबाची तुलना साध्या खतांशी करणारे प्रयोगही केले. राबाची सवय सोडवता येईल की तिला खरोखर पर्याय नाही, हा वादाचा मुद्दा होता. राब हा अंधविश्वास ठरला तर बंदीचे समर्थन होत होते. त्यात तथ्य निघाले तर जंगलावरील शेतकऱ्याचा हक्क नाकारणे कठीण होते. त्यामुळे मातीच्या रसायनशास्त्रातील हा प्रश्न हजारो कुटुंबांच्या भाताशी जोडलेला होता.

मॅन, जोशी व कानिटकर यांचे संशोधन

मॅन यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह पश्चिम भारतातील भातशेतीच्या राब पद्धतीवर केलेला अभ्यास इ.स. १९१२ मध्ये हिंदुस्थानच्या कृषी खात्याच्या रसायनशास्त्रविषयक स्मरणिकांमध्ये प्रसिद्ध झाला. राबामुळे रोपे जोमदार होतात, हे शेतकरी जाणत होते आणि आधीच्या प्रयोगांतही दिसले होते. तसे का होते, हा या अभ्यासाचा प्रश्न होता. राखेतील पालाश व इतर क्षारांमुळे लाभ होत असेल तर राख किंवा खत विकत आणून घातले की काम भागावे आणि जंगल वाचावे. लाभ आगीच्या उष्णतेमुळे होत असेल तर खताने तो मिळणार नाही. म्हणून राखेचा परिणाम आणि तापण्याचा परिणाम वेगळे करून पाहणे आवश्यक होते.

राखेच्या खतमूल्याने राबाचा गुण पुरता उलगडत नाही आणि मातीला मिळणारी उष्णता हा स्वतंत्र व महत्त्वाचा घटक आहे, या दिशेने त्यांचे संशोधन गेले. याच सुमारास इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे ई. जे. रसेल व एच. बी. हचिन्सन यांनी तापवलेल्या मातीवर प्रयोग केले होते. त्यांचे निष्कर्ष इ.स. १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. तापवलेल्या मातीत पिकाला उपलब्ध होणारा नत्र वाढतो, हे त्यांनी दाखवले होते. रॉथमस्टेडच्या प्रयोगशाळेत नव्याने तपासली जात असलेली गोष्ट ठाणे जिल्ह्यातील शेतकरी आपल्या शेताच्या कोपऱ्यात दरवर्षी करत होता, हे राबाच्या अभ्यासामुळे शास्त्रीय जगाच्या ध्यानात आले. मृदाशास्त्राच्या पुढील ग्रंथांत माती तापवण्याच्या चर्चेत राबाचा उल्लेख होऊ लागला.

भाजलेल्या मातीतील उष्णता व ओल

राबात मातीचे काय होते, याचे स्पष्टीकरण मृदाशास्त्रातील उष्णता व पाणी यांच्या परस्परसंबंधावर आधारलेले आहे. माती उष्णतेची मंदवाहक आहे. उन्हामुळे पृष्ठभागावर येणारी दिवस-रात्रीची चढउतार साधारणतः हात-दीड हात खोलीपर्यंत जाताजाता जवळजवळ नाहीशी होते. ऋतूंची चढउतार काही मीटर खोल पोहोचते. आगीची उष्णता त्याहून तीव्र असली तरी थोडाच काळ टिकते, म्हणून तिचा प्रभाव वरच्या काही सेंटीमीटरांच्या थरात एकवटतो. भाताचे बी नेमके याच थरात रुजते.

मातीत ओल असेल तर आगीची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. ओल संपेपर्यंत त्या थराचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास अडून राहते. काही वाफ खालच्या थंड थरात शिरून तेथे पुन्हा पाणी होते आणि आपली उष्णता तेथे सोडते. अशा रीतीने उष्णता पाण्याला हलवते आणि पाणी उष्णतेला वाहून नेते. या दोहोंचा एकत्र विचार केल्याशिवाय मातीचे तापमान सांगता येत नाही. कडक उन्हाळ्यात, जमीन पूर्ण सुकल्यावर राब भाजण्याच्या रूढीमागे हेच कारण दिसते. वर पसरलेला मातीचा थर आगीला हवा कमी मिळू देतो आणि उष्णता वर उधळण्याऐवजी खाली मुरवतो. वाऱ्याच्या उलट दिशेने आग लावल्याने प्रत्येक ठिकाणी ती अधिक वेळ रेंगाळते.

तापलेल्या थरातील तणांचे बी व काही किडी मरतात. सेंद्रिय द्रव्याचे विघटन होऊन अमोनिया व विद्राव्य क्षार मोकळे होतात. चिकण मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन तिचा चिकटपणा कमी होतो आणि ती भुसभुशीत होते. पहिल्या जोरदार सरींत पाणी साचून न राहता मुरते आणि कोवळी मुळे सहज पसरतात. उपटतानाही मुळे तुटत नाहीत.

थंड देशांत माती मोकळी करण्याचे काम हिवाळा करतो. गोठणाऱ्या थराकडे खालची ओल ओढली जाते, तेथे बर्फाचे पापुद्रे वाढतात आणि ढेकळे फुटतात. वसंतात बर्फ वितळल्यावर शेतकऱ्याला रवाळ माती मिळते. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन कधीच गोठत नाही. बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि रोपे तयार होण्यास मिळणारा अवधी थोडा असतो. तेथे हे काम उन्हाळ्याचे ऊन आणि राबाची आग यांच्याकडून करून घेतले जाते. उष्णतेच्या व ओलीच्या हालचालीचे गणिती नियम दोन्ही ठिकाणी एकच आहेत. पाण्याचा अवस्थाबदल मात्र एका ठिकाणी बर्फात होतो, दुसऱ्या ठिकाणी वाफेत.

नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी

राबाच्या अभ्यासापूर्वी, इ.स. १९१० मध्ये, मॅन यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील पुस्तिका प्रसिद्ध केली. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बारामती व इंदापूर भागांत पोहोचले आणि दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला. थोड्याच वर्षांत सखल भागातील चांगल्या काळ्या जमिनींवर पांढरा थर दिसू लागला आणि पिके जळू लागली.

काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग कमी असतो. कालव्याच्या झिरप्यामुळे व अति सिंचनामुळे भूजलाची पातळी वर आली. मातीच्या सूक्ष्म नळ्यांतून हे पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत चढते. उन्हाने त्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेले क्षार वरच साचत जातात. दख्खनच्या कडक उन्हात ही क्रिया वेगाने घडते. क्षार जमिनीबाहेर काढायचे तर पाण्याला खाली व बाहेर जाण्याची वाट, म्हणजे निचरा, हवा. केवळ वरून अधिक पाणी देऊन प्रश्न सुटत नाही, उलट बिघडतो. पाणी आणणारी योजना आखताना पाणी बाहेर काढण्याची योजनाही आखावी लागते, हा धडा महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात पुढेही वारंवार घ्यावा लागला.

दख्खनच्या गावांची पाहणी

शेतीची सुधारणा केवळ मातीवर व बियाण्यावर अवलंबून नाही, असे मॅन यांच्या लक्षात येऊ लागले. त्यांनी सहकाऱ्यांसह पवना नदीकाठच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली. हे गाव आज पिंपरी-चिंचवड शहराचा भाग आहे. ही पाहणी इ.स. १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. इ.स. १७७१ मध्ये या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते इ.स. १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आले होते. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विभागलेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते. कर्जबाजारीपणा, शहरातील मजुरीवरील अवलंबित्व आणि तुटपुंजे उत्पन्न यांची आकडेवारीही या पाहणीत होती. बाबासाहेब आंबेडकर यांनी इ.स. १९१८ मध्ये लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात या पाहणीची दखल घेतली आहे.

कानिटकर यांच्यासह केलेली जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी इ.स. १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याजवळचे गाव आणि पावसावर विसंबलेले गाव यांची तुलना त्यामुळे शक्य झाली. पुण्यातील अस्पृश्य समाजाच्या आर्थिक स्थितीवर मॅन यांनी लिहिलेला निबंध इ.स. १९१२ मध्ये इंग्लंडमधील एका समाजशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. राबावरील संशोधनाचेही हेच वर्ष होते.

उत्तरायुष्य

भारतातून परतल्यावर इ.स. १९२८ मध्ये मॅन वोबर्न येथील प्रायोगिक शेतीकेंद्रात रुजू झाले. तरुणपणी ज्या संस्थेच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले होते, तिनेच हे केंद्र स्थापन केले होते. इ.स. १९२६ पासून ते रॉथमस्टेडच्या व्यवस्थापनाखाली आले होते. अमोनियम सल्फेटच्या सततच्या वापराने हलकी वालुकामय जमीन आम्लधर्मी होऊन गहू व बार्लीचे पीक कसे खालावते, हे वोबर्नच्या दीर्घकालीन प्रयोगांनी दाखवले होते. इ.स. १९५६ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८० वर्षांनंतरही, मॅन तेथे कार्यरत होते. इ.स. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध शेवटपर्यंत टिकला. मुंबई दख्खनमधील इ.स. १८६५ ते १९३८ या काळातील पाऊस व दुष्काळ यांवरील त्यांचा ग्रंथ इ.स. १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या निवडक सामाजिक-आर्थिक लेखांचा संग्रह डॅनियल थॉर्नर यांनी संपादित केला. तो मॅन यांच्या मृत्यूनंतर, इ.स. १९६७ मध्ये मुंबईहून प्रकाशित झाला.

वारसा

मॅन यांचे सहकारी कानिटकर यांनी पुढे मांजरी व सोलापूर येथील कोरडवाहू शेतीच्या संशोधनात महत्त्वाचे काम केले. पडलेल्या पावसापैकी किती पाणी जमिनीत मुरते, किती वाहून जाते आणि किती वाफ होऊन उडते, हा त्या संशोधनाचा गाभा होता. भारतातील कोरडवाहू शेतीवरील कानिटकर यांचा ग्रंथ इ.स. १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. इ.स. १९३२ मध्ये भारतीय हवामानखात्याने पुण्यात कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू केली. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली मातीचे तापमान, बाष्पीभवन आणि जमिनीलगतच्या हवेचे थर यांची पद्धतशीर मोजमापे तेथे झाली. मॅन यांच्या काळात प्रयोगाने तपासलेल्या गोष्टींना त्यामुळे भौतिकशास्त्राची व गणिताची बैठक मिळाली.

राबाचा प्रश्न मात्र पूर्णपणे सुटला नाही. राबाला शास्त्रीय आधार आहे हे दिसून आले, तरी जंगलावरचा ताण खरा होता आणि लोकसंख्येबरोबर तो वाढत गेला. शेण व पातेरा जाळल्याने त्यांतील नत्र व सेंद्रिय द्रव्य नष्ट होते, हा आक्षेपही रास्त आहे. कृषी खात्याने पुढे रोपांसाठी गादीवाफे, कुजलेले शेणखत व प्रक्रिया केलेले बियाणे यांचा प्रसार केला. गादीवाफ्यात निचरा चांगला होतो, खतातून नत्र मिळतो, परंतु तण वेगळे काढावे लागते आणि खतासाठी पैसा किंवा जनावरे लागतात. राबाला लागतात ती झाडे आणि कष्ट. डहाणू व तलासरी तालुक्यांतील डोंगरउतारांवर उन्हाळ्याच्या अखेरीस राब भाजलेले काळे चौकोन आजही आढळतात. राब सोडण्याचा सल्ला देताना राब जे काम करतो ते दुसऱ्या कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या खर्चाने होणार, हे सांगावे लागते. इ.स. १९१२ च्या अभ्यासाने या चर्चेला हा निकष दिला.